सोडविण्याचे शब्द आणि धरणाऱ्याचा हक्क

एखाद्यास बंधनातून अथवा संकटातून सोडविण्याच्या क्रियेसाठी इंग्रजी भाषेत शब्दांची वाण नाही. सेव्ह, रेस्क्यू, डिलिव्हर, रिलीज, रिडीम, रॅन्सम, इमॅन्सिपेट, मॅन्युमिट हे त्यांपैकी सहज आठवणारे. पदव्युत्तर वर्गात यांचे अर्थ विचारले असता बहुधा ‘मुक्त करणे’ हे एकच उत्तर मिळते, आणि त्याचा सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही. पर्यायकोशांची रीतच त्याला कारण आहे. संकट किती निकट होते, सोडविणाऱ्याने त्वरा किती केली, बळ वापरले की द्रव्य, अशा कसोट्यांवर कोशकार हे शब्द एकमेकांपासून वेगळे करतात. या कसोट्या खोट्या नव्हेत. परंतु त्या सर्व सोडविणाऱ्याच्या बाजूने लावलेल्या आहेत. ज्याने धरून ठेवले होते त्याच्याविषयी त्या मौन पाळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दसमूहातील महत्त्वाचा भेद नेमका तेथे आहे. धरणाऱ्याचा हक्क शब्द मान्य करतो, नाकारतो, की त्याची दखलच घेत नाही, हे पाहिल्यावाचून या शब्दांची निवड समजत नाही.

सेव्ह या शब्दाला धरणारा लागतच नाही. लॅटिन ‘साल्वुस’ म्हणजे अक्षत, धड. बुडणाऱ्यास अथवा तापाने फणफणलेल्यास वाचविले तर हक्काचा प्रश्न निघत नाही. रिलीजचे तसे नाही. हा शब्द ‘रिलॅक्स’चा सख्खा भाऊ असून दोघेही ‘रेलाक्सारे’, म्हणजे सैल करणे, या एकाच लॅटिन धातूचे आहेत. पकड सैल करावयाची ती धरणाऱ्यानेच. म्हणून रिलीज या क्रियेचा कर्ता बहुधा तुरुंगाधिकारी, सावकार किंवा कराराचा दुसरा पक्ष असतो. डिलिव्हरची गंमत आणखी निराळी. त्याच्या पोटात ‘लिबेर’, म्हणजे मोकळा, हा शब्द आहे, तरी सोडविणे आणि हवाली करणे हे दोन्ही अर्थ तो एकाच वेळी वाहतो. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांना ‘जेल डिलिव्हरी’ची सनद मिळत असे. तिच्या बळावर ते गावोगावच्या तुरुंगांतील कैद्यांचे खटले निकालात काढीत. निर्दोष ठरून घरी गेलेला आणि फासावर गेलेला, दोघेही तुरुंगातून सारखेच ‘डिलिव्हर’ झाले! ही पद्धत १९७१ च्या न्यायालयविषयक कायद्याने संपली.

रेस्क्यू हा शब्द आज सर्वत्र पुण्यवाचक झाला आहे; पूरग्रस्तांना बाहेर काढणाऱ्या पथकाचे तर ते नावच होऊन बसले आहे. परंतु इंग्रजी विधिपरंपरेत तो गुन्ह्याचा शब्द होता. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘झटकून टाकणे’ ही कल्पना आहे, आणि कायदेशीर ताब्यातील माणसास किंवा जप्त केलेल्या गुरांस बळाने सोडवून नेणे हा त्याचा पारिभाषिक अर्थ होय. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे २२५ वे कलम हा शब्द याच अर्थाने वापरीत असे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता इतिहासजमा झाली आहे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्यातही पकडलेले गुरू सोडवून नेणारा ‘रेस्क्यू’च करतो. कोंडवाड्याकडे चाललेली म्हैस हिसकावून नेणाऱ्या शेतकऱ्यास आपण वीर म्हणणार नाही; कायदा मात्र त्याला वीराचेच क्रियापद देतो.

अमेरिकेच्या १८५० च्या पलायित गुलामांविषयीच्या कायद्यात हेच क्रियापद गुन्हा म्हणून आले, आणि त्यासाठी हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितला गेला. सप्टेंबर १८५८ मध्ये ओहायो राज्यातील ओबर्लिन व वेलिंग्टन येथील लोकांनी जॉन प्राइस नावाच्या पलायित गुलामास पकडणाऱ्यांच्या हातून सोडविले. ३७ जणांवर आरोप ठेवण्यात आले. सिमियन बुशनेल व चार्ल्स लँगस्टन हे दोघे दोषी ठरले. या घटनेचे नाव इतिहासात ‘ओबर्लिन-वेलिंग्टन रेस्क्यू’ असेच राहिले. फिर्यादी पक्षाचा आरोप आणि गावकऱ्यांचा अभिमान यांना शब्द एकच पुरला. ताबा कायदेशीर होता असे मानणाऱ्यास तो गुन्हा. ताब्यास पायाच नव्हता असे मानणाऱ्यास तो धर्म.

रिडीम आणि रॅन्सम यांच्यापाशी मात्र अधिक थांबावयास हवे. दोन्हींचे मूळ एक. लॅटिन ‘रेदेम्प्तिओ’, म्हणजे परत विकत घेणे, विद्वानांच्या मुखी शाबूत राहून रिडेम्शन झाले आणि जुन्या फ्रेंचमध्ये झिजून रॅन्सम झाले. अर्थांची वाटणी मात्र फार बोलकी आहे. रिडीममध्ये ‘परत’ हा अंश जिवंत राहिला. गहाण सोडविणारा आपलीच वस्तू सोडवितो. मूळ स्वामित्व त्याचे, धरणाऱ्याचा हक्क तात्पुरता. बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत आप्ताचे कर्तव्य सांगणारा हिब्रू ‘गाअल’ आणि मूल्य देऊन सोडविण्याचा ‘पादा’ हे दोन्ही धातू अनेक ठिकाणी रिडीमच्याच पदरी पडले. रॅन्सममध्ये ती आप्तता उरली नाही. उरली ती केवळ किंमत. मग ती किंमत कोणास द्यावयाची? ख्रिस्ती धर्मचिंतनात हा वाद शतकानुशतके चालला. ख्रिस्ताचे बलिदान हे सैतानास दिलेले मूल्य होय, असे चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने मांडले. चोराला मोबदला मिळावा ही कल्पनाच त्याचा समकालीन नाझियान्झसचा ग्रेगरी यास असह्य वाटली. पुढे ॲन्सेल्मने, १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात, माणसावर सैतानाचा न्याय्य हक्क असल्याचे नाकारले.

हा वाद केवळ मठांतला राहिला नाही. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये मेरीलँडच्या गुलामगिरीतून पळाला आणि १८४५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध करून ब्रिटनला गेला. परतल्यास पकडले जाण्याची भीती होती. न्यूकॅसलच्या रिचर्डसन कुटुंबातील स्त्रियांच्या पुढाकाराने १५० पौंड, म्हणजे ७११ डॉलर ६६ सेंट, मालकास देण्यात आले आणि डिसेंबर १८४६ मध्ये मुक्तिपत्र झाले. गुलामगिरीच्या कडव्या विरोधकांतच यावर गदारोळ उठला. किंमत दिली म्हणजे माणूस ही मालमत्ता आहे हे मान्य केले, असा हेन्री राइटचा आक्षेप. विल्यम लॉइड गॅरिसनने उत्तरादाखल रॅन्सम हा शब्द पुढे केला: दरोडेखोराच्या हाती पैसे ठेवल्याने त्याचा हक्क सिद्ध होत नाही. डग्लसनेही राइटला तेच उत्तर दिले, आणि ते मुक्तिपत्र आपण अमेरिकी शासनाच्या लुटारूपणाचा पुरावा म्हणून जगापुढे धरू, असेही कळविले. व्यवहार एकच, रक्कम एकच. ‘विकत घेणे’ म्हटले की मालक मालक ठरतो, रॅन्सम म्हटले की तो दरोडेखोर ठरतो. एखाद्या माणसाची प्रतिष्ठा दोन शब्दांतील निवडीवर इतकी अवलंबून असल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

मॅन्युमिट व इमॅन्सिपेट हे रोमन कायद्याचे शब्द. दोहोंत ‘मानुस’, म्हणजे हात, आहे. पहिल्यात धनी दासास हातातून सोडतो. दुसऱ्यात पिता पुत्रास आपल्या सत्तेतून सोडतो, आणि त्यासाठी त्याला तीन वेळा लटकेच विकावे लागे. दोन्हींत कर्ता हात असलेलाच. म्हणून इमॅन्सिपेशन आणि नुकसानभरपाई यांची जोडी जमली, यात नवल नाही. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने दोन कोटी पौंड मंजूर केले ते मालकांना. दासांना काहीच नाही. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातही भरपाई मालकांनाच मिळाली. १ जानेवारी १८६३ च्या लिंकनच्या घोषणेत बंडखोर मालकांना भरपाई नव्हती. तेव्हापासून या शब्दातील हात बराचसा अदृश्य झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील निग्रो दास्यविमोचकांना अर्पण केला, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत शूद्रांच्या सुटकेसाठी इमॅन्सिपेशन हाच शब्द आहे, आणि त्या कार्याची अपेक्षा आपल्या देशबांधवांकडून केली आहे. बंधन घालणाऱ्या समाजालाच येथे कर्तेपण दिले आहे. ‘मुक्ती’ असे भाषांतर केले की ही बाब हरवते, कारण मुक्तीला मराठीत मोक्षाचा वास येतो.

रॅन्समला तर मराठीत ‘खंडणी’ हा तयार शब्द आहे. गॅरिसनचा युक्तिवाद त्याने आज चोख उतरतो. आजच्या वाचकास खंडणी म्हणजे गुंडाने उकळलेला पैसा. पण जुन्या मराठी कागदपत्रांचा अभ्यासक तोच शब्द वाचील, तेव्हा त्याच्यासमोर मांडलिकाने सत्ताधीशास द्यावयाची ठरीव रक्कम उभी राहील, आणि डग्लसचा मालक पुन्हा हक्कदार होऊन बसेल.