हस्तांदोलनानंतरचा गंज

रात्री साडेबाराला फोनवर काय बघता, हे कुणी खरं सांगत नाही. मी सांगतो. गंजलेला कोयता, जळका टेबलफॅन, कुणाच्या तरी परसात गवताखाली गेलेली मोटार. फक्त हात दिसतात, चेहरा दिसत नाही. दहा मिनिटांत गंज उतरतो, रंग चढतो, शेवटी आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी-शेजारी येतं आणि डोकं शांत होतं. कुणीतरी काहीतरी वाचवलं, झोपायला हरकत नाही.

या सगळ्या व्हिडिओंचा थोरला भाऊ म्हणजे 'व्हीलर डीलर्स' हा ब्रिटिश टीव्ही कार्यक्रम. 2003 साली सुरू झाला. माइक ब्रूअर जुनी गाडी हेरतो, घासाघीस करून घेतो. एड चायना हा उंचच उंच मेकॅनिक नारिंगी हातमोजे घालून ती उघडतो, दुरुस्त करतो. मग ब्रूअर गिऱ्हाईक गाठतो, दोघं हात मिळवतात, पडद्यावर हिशेब येतो: घेतली कितीला, सुटे भाग कितीचे, विकली कितीला, नफा किती. मी या कार्यक्रमाचे जुने भाग दोन-दोनदा पाहिलेत. त्याच्याच नादाने बारा वर्षांपूर्वी, कॉव्हेंट्रीजवळ नोकरीला असताना, 1971ची एमजीबी जीटी घेतली. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एका भक्ताचं गाऱ्हाणं आहे असं समजा.

आधी श्रेय. चायना काम दाखवायचा. पाना कुठल्या बोल्टला, कुठल्या क्रमाने, आणि का, हे सांगायचा. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्याच्यासारख्यांना बघूनच कळलं. 2017 मध्ये तो बाहेर पडला, तेव्हा वर्कशॉपचा भाग कमी करण्याचा विचार आपल्याला पटला नाही, असं त्याने जाहीर सांगितलं होतं. त्याचं बरोबर होतं. त्या कार्यक्रमाचा जीव वर्कशॉपमध्येच होता, बाकीची नुसती बोलाचाली.

आता तक्रार. शेवटच्या त्या हिशेबात मजुरी नसते. चायना पाठ मोडेपर्यंत काम करतो आणि त्याचा भाव शून्य. कार्यक्रम हे लपवत नाही, पण पाहणाऱ्याच्या डोक्यात उरतो तो नफ्याचा आकडा. मी वही ठेवली होती. पहिल्या दोन वर्षांत गाडीखाली घालवलेले तास 212. इथल्या गॅरेजच्या दराने गुणून बघितलं आणि ते पान स्टेपलरने बंद केलं.

पण मजुरी ही छोटी गोष्ट. मोठी अशी की गोष्ट हस्तांदोलनाला संपते. त्या चित्रात दोन हात असतात. एक विकणाऱ्याचा, तो आपल्या ओळखीचा. दुसरा कुणाचा? तो माणूस गाडी घेऊन वळणावर दिसेनासा होतो आणि कॅमेरा वळतो. मी तो दुसरा हात आहे. माझी गाडी एका खाजगी विक्रेत्याने 'पूर्ण रिस्टोर केलेली' म्हणून विकली. नवा रंग, चकचकीत क्रोम, दाराखालची पट्टी आरशासारखी. आठ महिन्यांनी त्या पट्टीवर फोड आला. खरवडला तर आत पुट्टी, पुट्टीमागे आणखी एक पत्रा आणि त्यामागे खाकरासारखा चुरा.

इथे गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण टीकाकाराने निदान वस्तू तरी ओळखावी. एमजीबी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला तयार झाली, पाच लाखांहून जास्त. इंजिन 1798 सीसीचं, साधं, कुटुंबाच्या गाड्यांतही बसणारं. हातात पाना धरलेल्या माणसाला बॉनेटखाली जागा मिळते, हा तिचा सर्वात मोठा गुण. पण तिला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालची ती पट्टी, इथले लोक सिल म्हणतात, शोभेची नाही, तिच्यावर गाडी उभी आहे. एकात एक अशा पत्र्यांची ती पोकळ पेटी असते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. चिखल, पाणी आणि मीठ आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. तुम्हाला दिसतो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. म्हणजे कॅमेऱ्याला जे दाखवता येतं आणि या गाडीचं जे खरं असतं, त्यांची दिशाच उलटी.

अशा गाडीवर 'आधी आणि नंतर'ची गोष्ट चालत नाही. नंतर नावाचा प्रसंगच नसतो. असतं ते दर तीन हजार मैलांनी पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस, कार्ब्युरेटरच्या टोपणाखाली तेल आहे का ते बघणं, पावसानंतर दाराखालची भोकं तुंबलीत का म्हणून तार घालणं. आमच्या घरी पुण्यात चेतक होती. वडील दर रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, मग तिरकी करून किक. एकोणीस वर्षं. तो 'छंद' आहे असं कुणी म्हटलं नाही, त्यांनीही नाही. त्याला निगा म्हणायचे. 'व्हीलर डीलर्स'च्या शब्दकोशात निगेला शब्द नाही, कारण तिला शेवट नाही आणि नफाही नाही.

जुन्या ब्रिटिश गाडीवाल्यांचे विनोदही याच जातीचे आहेत. लुकास कंपनीला 'अंधाराचा राजकुमार' म्हणायचं, कारण तिचे दिवे म्हणे केव्हाही जातात. बारा वर्षांत माझे दिवे चार वेळा गेले. तिन्ही वेळा अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, चौथ्यांदा कुणा आधीच्या मालकाने स्टिरिओसाठी वायर कापून सेलोटेप लावला होता. कारखान्याची चूक सांगायला सोपी आणि हसायला बरी. पन्नास वर्षांत सहा मालकांनी काय केलं, ते सांगायला कुणाला वेळ आहे?

मग प्रश्न येतो, एवढं बदलल्यावर ही गाडी तीच का. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? राजा नाही नाही म्हणत जातो. एमजीबीवाल्यांना हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, कॅटलॉगचा आहे. 1988 पासून जुन्या साच्यांवर ठोकलेली संपूर्ण नवी बॉडी ब्रिटिश मोटर हेरिटेजकडून विकत मिळू लागली. पैसे असतील तर चाक, आस, जू सगळं नवं. कागद तेवढा जुना. रिस्टोरेशनच्या कार्यक्रमांना हे आवडावं, कारण यात गंजाचा इतिहास एका फटक्यात जातो. मला का खटकतं हे मी खूप दिवस शोधत होतो. 1974 च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर बसवले आणि ती दीड इंच उंच केली. दिसायला वाईटच झाली. आता लोक त्या गाड्यांना पुन्हा क्रोमचे बंपर लावतात. देखणं दिसतं, पण त्या गाडीवर जे घडलं ते खोडून टाकलं जातं. खोडलेलं मला नको आहे. अर्थात नव्या बॉडीचे पैसेही नाहीत, हे मान्य करून टाकतो.

हे सगळं आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. इथे चाळीस वर्षांपुढच्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना 2018 पासून सक्तीची वार्षिक तपासणी नाही. कायद्याच्या दृष्टीने माझ्या गाडीचा तपासनीस मीच. तरी दरवर्षी मी पैसे भरून तपासून घेतो, कारण स्वतःच्या गाडीकडे मीही त्या कार्यक्रमासारखाच बघतो: वरून. या मार्चमध्ये तपासणाऱ्याने डाव्या सिलवर हातोडीने टकटक केलं. दोनदा ठण वाजलं, तिसऱ्यांदा थप. सीटबेल्टच्या खालच्या खिळीपासून वीतभर अंतरावर. त्या सीटवर माझी मुलगी बसते. हा जोड मी स्वतः घातला होता, दहा वर्षांपूर्वी, एक व्हिडिओ बघून. वेल्डिंग झाल्यावर आत मेण मारायचं असतं. व्हिडिओत ते नव्हतं. किंवा असेलही, मी रंगाचा भाग बघायला पुढे ढकललं असेल.

त्या विक्रेत्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. आता त्याच्यासारखाच एक पत्रा माझ्याही नावावर आहे.

शनिवारी डावी बाजू कापायची आहे. दार काढायचं नाही. आधी दार आणि बॉडीमधली फट वर, मधे, खाली मोजून वहीत लिहायची, मग आडव्या सळ्या ठोकून सांगाडा बांधायचा, मगच कटर. नाहीतर सिल निघाल्यावर बॉडी मधोमध बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. मापं काल घेतली: वर 4 मिलीमीटर, मधे 4, खाली 6. खालचे दोन मिलीमीटर जास्तीचे बहुतेक माझेच.