राग, प्रहर आणि घरातले घड्याळ

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांकडे दिवेलागणीच्या सुमारास बसलो असता आतल्या खोलीतून ललताचे सूर ऐकू आले. बाहेर रिमझिम चालली होती, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, देवापाशी नुकतेच निरांजन लावलेले होते, आणि स्नेह्यांची नात आत बसून पहाटेचा राग घोटीत होती. रात्रीच्या पानाशेजारी कोणी राखुंडीची डबी आणून ठेवावी, तसे काहीसे आम्हांस वाटले, आणि न राहवून आम्ही बोलून गेलो, "अगं, ही काय ललताची वेळ?" मुलगी बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, माझी परीक्षा दुपारी चार वाजता आहे आणि क्लास असतो संध्याकाळी सहाला. पहाटे अभ्यासाला उठायचे की गायला? मग ललत मी गाऊ तरी केव्हा?"

स्नेही हसले, आम्हीही हसलो. पण तो प्रश्न आमची पाठ सोडीना. दुपारी चार वाजता भैरव आणि ललत गावयास लावून त्यांचा गानसमय कोणता असे तोंडी विचारणारी ही परीक्षा विनोदी खरीच; परंतु आमचे दचकणे तरी कितपत शहाणपणाचे होते? ती संस्कृती होती की नुसती सवय? गवयास विचारावे तर तो म्हणतो, गुरूंनी असे सांगितले. गुरू म्हणतात, शास्त्रात असे आहे. आणि श्रोता तर दोघांच्याही पलीकडे जाऊन अवेळीचा राग कानी पडताच भुवया उंचावतो. नियमाचा आधार कोठे आहे हे मात्र कोणी फारसे शोधीत नाही.

आमच्या काळी या प्रश्नाचा खरा विचार केला तो पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी. त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० साली निघाला आणि चौथा १९३२ साली. गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ आम्ही या निमित्ताने पुन्हा काढून वाचला. वेळेविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या रागाचा वादी स्वर सप्तकाच्या पूर्वांगात, तो राग दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंतचा, ज्याचा वादी उत्तरांगात, तो मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. दिवस-रात्रीच्या संधीवर ऋषभ कोमल असणारे संधिप्रकाश राग यावयाचे, आणि मध्यम हा वाटाड्या. तो तीव्र असला की साधारणतः वाट संध्याकाळकडे व रात्रीकडे वळते.

या उपपत्तीचा मोठेपणा कबूल केलाच पाहिजे. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच ते. परंतु एकात गंधाराचे राज्य, दुसऱ्यात धैवताचे. म्हणून एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. तोडी आणि मुलतानी यांचे स्वर लिहून पाहिले तर कागदावर फरक दिसत नाही. पण तोडी सकाळची, मुलतानी दुपार उतरतानाची. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांच्या गाठीला तेच सहा स्वर आहेत. मारवा व पूरिया सूर्यास्ताच्या आसपास गातात, सोहनी रात्र सरत आली म्हणजे. एवढ्या गुंतागुंतीच्या व्यवहारात कोणास काही सूत्र सापडावे, हेच नवल!

तथापि सूत्र सर्वत्र पुरत नाही. मध्यमाला वाटाड्या म्हटले, तर तीव्र मध्यमाची तोडी आणि तीव्र मध्यमाचाच हिंडोल हे सकाळच्या दारात कसे उभे राहतात? मालकंसाचा वादी मध्यम. तो पूर्वांगात धरावा की उत्तरांगात? येथे भातखंडे दोन्ही अंगांच्या सीमा थोड्या वाढवितात: पूर्वांग पंचमापर्यंत आणि उत्तरांग मध्यमापासून. ही सवलत दिल्याने नियम टिकतो, पण त्याची धार जाते. कारण मध्यम-पंचमाचा वादी असला की मग राग दोन्हींपैकी कोणत्याही बाजूस बसविता येतो. आणि वसंत ऋतूत वसंत, वर्षाऋतूत मल्हार केव्हाही गावा अशी मोकळीक पूर्वापार आहेच. दक्षिणेकडे पाहावे तर कर्नाटक संगीताच्या मैफलीत वेळेचे बंधन काटेकोरपणे पाळीतच नाहीत, आणि त्यामुळे त्या संगीताचे काही अडले आहे असे कोणी म्हणणार नाही.

आमच्या मते भातखंड्यांनी कारण आणि खूण यांची गल्लत होऊ दिली. वादी स्वर ही वेळेची खूण होय, कारण नव्हे. कारण शोधावयाचे तर ग्रंथ मिटून घराकडे पाहिले पाहिजे. असे पाहण्यास त्यांचीच संमती आहे असे आम्ही धरून चालतो. कारण आपल्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी 'लक्ष्यसंगीत' हे नाव दिले, आणि लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चाललेला व्यवहार.

आता हा व्यवहार घरात कसा होता? आमच्या लहानपणी आजोळी पहाटे चार वाजता जाते सुरू होई. आजी आणि मामी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावीत. जात्याची घरघर हाच त्यांचा षड्ज; ओवी त्या घरघरीच्या वर तरंगत राही, तिला तीन-चार स्वरांहून अधिक कधी लागत नसत, आणि माजघरात पोरे निजलेली म्हणून आवाज कधी चढत नसे. त्या ओवीत भैरव होता किंवा ललत होता असे म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. ते भाबडे होत. तेथे राग नव्हता. परंतु पहाटेचा आवाज कसा असतो, हे कानाला तेथे कळले. पुढे कार्तिकात विठोबाच्या देवळात काकडा लागे. तेथे टाळ-मृदंग असूनही गळे नुकते उठलेले, खर्जातले. संध्याकाळी परवचा आणि शुभंकरोति एकसुरी, घाईची, कारण पोटात भूक. रात्रीच्या भजनाला मात्र कसलाही संकोच नसे. पखवाजावर थाप पडली की गल्ली जागी होई. प्रत्येक वेळेला गळ्याची एकेक चाल होती. कोठे किती चढावे, कोठे दबून राहावे, कोठे रेंगाळावे हे कोणी शिकविले नाही, वेळेनेच ठरविले. गवयाने दरबारीचा गंधार मध्यरात्री खर्जात हालविला किंवा रात्रभर तापलेल्या गळ्याने सोहनीच्या तार षड्जाला हात घातला, तेव्हा श्रोत्याला तो नियम वाटला नाही, ओळख वाटली, ती या घरगुती शिकवणीमुळे. प्रहर ही स्वरांना दिलेली आज्ञा नव्हे, ती आवाज लावण्याविषयीची सूचना आहे, असे आम्हांस आता वाटू लागले आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे. जात्याविषयी हळहळणे आमच्यासारख्या पुरुषांना फार सोपे असते. आम्ही अंथरुणात पडून ऐकत होतो. चार वाजता उठणे ही आजीची संगीतसाधना नव्हती, सक्ती होती. आणि तिच्या ओव्यांत माहेरच्या आठवणी इतक्या का येत, हे कळावयास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी ओवी मुकी झाली हे खरे, पण मामीचे दंड दुखावयाचे थांबले हेही तितकेच खरे. ज्यांना त्या ओव्या गमवावयाच्या नव्हत्या त्यांनी त्या टिपून ठेवल्या: साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जाते परत यावे असे त्या गाणाऱ्या बायांपैकी कोणी म्हणाली असेल, असे आम्हांस वाटत नाही. तीच गोष्ट रात्रभरच्या मैफलीची. सकाळी ज्यांना कचेरी गाठावयाची नसे, किंवा दरबारचा ज्यांना आश्रय असे, त्यांच्या फुरसतीवर ती उभी होती.

घड्याळ बदलले म्हणजे राग काय करतो, याचे उत्तर भैरवीने कधीच देऊन ठेवले आहे. भैरवी शास्त्राने सकाळची. रात्रभर चाललेली मैफल उजाडता उजाडता संपे, तेव्हा सकाळच्या या रागिणीने ती संपविणे स्वाभाविकच होते. भजनातही शेवट भैरवीचा. पुढे मैफली आखडल्या, बारा वाजता, मग दहा वाजता उठू लागल्या. पण भैरवी शेवटी ती शेवटीच राहिली. आज रात्री पावणेदहाला गवयाने भैरवीचा कोमल ऋषभ लावला की श्रोते पायांनी चपला चाचपू लागतात, आणि अवेळी सकाळचा राग गाइला म्हणून एकाचीही भुवई वर जात नाही. भैरवीने सूर्य सोडून निरोपाचा हात धरला. ललताला अवेळी म्हणणाऱ्या आम्ही भैरवीपुढे मान डोलवावी, यात सुसंगती कोणती?

येथवर आमचे म्हणणे त्या मुलीच्या बाजूचे झाले. पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हांस अधिक बोचते. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेला संगीत महोत्सव पूर्वी रात्र रात्र चाले. डिसेंबरच्या थंडीत घोंगड्या पांघरून रमणबागेच्या पटांगणावर बसलेल्या माणसांनी मध्यरात्रीचे राग मध्यरात्रीच ऐकले आणि पहाटेचे उजाडताना. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला, आणि वर्षातील मोजक्या दिवशी सरकारच्या परवानगीने बारापर्यंत सूट राहिली. महोत्सवाची सुरुवात दुपारवर आली. या नियमाविरुद्ध रसिकांत कुरकुर फार ऐकू येते. आम्ही तीत सामील होणार नाही. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचे मूल असते. त्यांची झोप मोडून दरबारी ऐकण्याचा हक्क आम्हांस कोणी दिला? शिवाय बंदिस्त सभागृहास तो नियम लागूच नाही. तेथे भिंतींच्या आत रात्रभर गाण्यास कायद्याची आडकाठी नसताना तेथल्या मैफलीही दहाच्या आतच का उठतात? कारण शेवटची गाडी, उद्याची कचेरी आणि आमचे गुडघे. कायद्याकडे बोट दाखविणे सोयीचे आहे, इतकेच.

परिणाम मात्र व्हावयाचा तो झाला. मैफलीचे सगळे आयुष्य संध्याकाळच्या चार-पाच तासांत कोंबले गेले. पूरिया-धनाश्री, यमन, मारूबिहाग, बागेश्री यांच्यावर ओझे पडले, आणि रात्रीच्या उत्तरार्धातील रागांना जागेपणीचे श्रोते मिळेनासे झाले. दिवाळीच्या पहाटे होणाऱ्या कार्यक्रमांकडून आम्ही मोठी आशा केली होती. वर्षातून एकदा का होईना, हजारो माणसे अभ्यंगस्नान करून, नवी वस्त्रे लेऊन सूर्योदयाला गाणे ऐकावयास बसतात. अशी संधी कोणत्या गवयास मिळाली होती? पण तेथे बहुधा भावगीते आणि चित्रपटगीते होतात, तीही पूर्ण दमाच्या ध्वनिवर्धकावरून. आम्हांस भावगीतांचे वावडे नाही. परंतु पहाटेच्या आवाजाची ओळख करून द्यावयास माणसे समोर बसलेली असता त्यांना रात्रीच्याच आवाजात गाणे ऐकविणे, ही आमच्या मते निव्वळ आळशी रसिकता होय. ध्वनिवर्धकाने एक मोठा उपकार केला, गवयाची कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत नेली. पण कुजबुजण्याची गरजही त्यानेच नाहीशी केली.

हे सर्व त्या मुलीला सांगण्याचा आमचा विचार होता. सांगितले नाही. तिच्या परीक्षेनंतरच्या एका रविवारी तिने साडेपाचला आमच्याकडे येऊन गावे, एवढेच ठरले. ती आली, डोळे चोळीत, इलेक्ट्रॉनिक तंबोरा पिशवीत घालून. ललतात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोरा मध्यमात मिळविला. वरच्या मजल्यावर तान्हे मूल आहे. तिने तंबोऱ्याचा आवाज अगदी बारीक केला आणि स्वतःचाही. पहिला षड्ज नीट लागलाच नाही. गळा उठला नव्हता. मग बराच वेळ ती खर्जातच राहिली. दोन्ही मध्यम एकामागून एक आले तेव्हा संध्याकाळी ऐकलेला रियाजी ठसका त्यांत उरला नव्हता. तीव्रावरून शुद्धावर ती दार न वाजविता लोटावे तशी उतरत होती. अर्ध्या तासाने ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हा इतक्या हळू गायचा असतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते." आम्हांसही ते कोणी सांगितले नव्हते, हे आम्ही कबूल केले.

तिला आणखी गावयाचे होते. पण सात वाजता समोरच्या इमारतीत पाण्याची मोटार सुरू झाली. तिचा सूर तंबोऱ्याहून किंचित चढा होता आणि दोन्ही काही केल्या जुळेनात. तेव्हा तंबोरा बंद करून आम्ही चहाचे आधण ठेवले.