आगीतून पाण्यात

गुइदो गांबोनेचे सिरॅमिक पाहावे ते जवळून, आणि शक्यतो तिरप्या उजेडात. समोरून नुसता रंग दिसतो. उजेड बाजूने आला की झिलई बोलू लागते. कुठे ती दाटून थबकलेली, कुठे ओघळता ओघळता गोठलेली, तर कुठे आंबोळीला पडते तशी तिला जाळी पडलेली. भट्टीच्या आचेत वायू सुटतात, बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि भोके बुजण्याआधीच आच उतरली तर त्या खळबळीचा माग पृष्ठभागावर कायमचा राहतो. एखाद्या काटेकोर कारागिराने दोष म्हणून जे भांडे बाजूला सारले असते, त्या दोषालाच गांबोनेने आपले हस्ताक्षर केले. आपण त्या खरबरीतपणावरून मनोमन बोट फिरवू लागतो, आणि डोळ्यांनी स्पर्श करणे म्हणजे काय ते कळते.

1909 साली दक्षिण इटलीतल्या मोंतेल्ला गावी जन्मलेला हा कलावंत घडला तो अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या व्हिएत्रीत. तिथली मातीची भांडी म्हणजे ऊन, लिंबे, मासे आणि गाढवे यांचा प्रसन्न संसार. पुढे तो फ्लोरेन्सला गेला, त्याचा पोत दगडाच्या जवळ सरकला, चित्रातल्या आकृती मोजक्या आणि खडबडीत झाल्या. पण भांड्याच्या बुडाशी सहीशेजारी एक इवलेसे गाढव काढण्याची सवय काही सुटली नाही. मला त्या गाढवाचे फार अप्रूप वाटते. कीर्ती मिळाल्यावर माणसे सहीला वेलबुट्टी लावतात. याने गाढव उभे केले.

अशा माणसाला जिनोव्हात बांधलेल्या 'आंद्रेआ दोरिया' या आलिशान प्रवासी जहाजासाठी काम मिळाले. जानेवारी 1953 मध्ये ते पहिल्या सफरीला निघाले तेव्हा युद्धात होरपळलेल्या इटलीने आपल्या चित्रकार-शिल्पकारांचे एक तरंगते प्रदर्शनच न्यूयॉर्ककडे रवाना केले होते. सजावटकारांत जिओ पोंती होता. साल्वातोरे फिउमेने पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात प्रबोधनकाळातल्या कलाकृतींचे काल्पनिक संग्रहालय रंगवले होते, आणि विंटर गार्डन नावाच्या दालनात गांबोनेचे सिरॅमिक फलक होते. डुलत्या जहाजावर, जिथे प्रत्येक किलोचा हिशेब ठेवतात, तिथे चारशे-साडेचारशे किलोंचा एकेक मातीचा फलक चढवायचा, या उधळपट्टीला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

25 जुलै 1956 च्या रात्री, नॅन्टकेटजवळच्या धुक्यात, 'स्टॉकहोम' या जहाजाने 'आंद्रेआ दोरिया'च्या कुशीत धडक मारली. दोन्ही जहाजांवर मिळून 51 माणसे गेली. उरलेल्यांना वाचवायला रात्र पुरली, कारण बुडायला जहाजाने अकरा तास घेतले. सत्तरेक मीटर खोल, उजव्या कुशीवर ते विसावले. म्हणजे लांबीच्या भिंतींपैकी काही छत झाल्या, काही जमीन.

आता जरा थांबून त्या खोलीतल्या रंगांचा विचार करू. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग आधी गिळते, मग नारिंगी, मग पिवळा. इतक्या खाली पोचतो तो हिरवट-निळसर अंधुक उजेड, तोही कधीमधी. गांबोनेचे रंग जिथल्या तिथे होते, पण ते पाहायला लागणारा प्रकाशच तिथे नव्हता. पाणबुड्याच्या बॅटरीचा झोत पडावा, तेवढ्यापुरती झिलई पुन्हा रंगीत व्हावी आणि झोत सरकताच पुन्हा राखाडी! सदतीस वर्षांत क्वचितच कुणी पाहिलेला रंग रंगच असतो का, हा वाद तत्त्वज्ञांनी घालावा. रसिकाला एवढे पुरे की 1993 मध्ये जॉन मोयर या पाणबुड्याच्या मोहिमेने दोन फलक वर काढले तेव्हा ते सुस्थितीत होते. त्या खोलीवर माणसाला एका बुडीत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे काम करता येते. तेवढ्या-तेवढ्या वेळात, गाळाने गढुळलेल्या पाण्यात, तिरप्या झालेल्या दालनातून हे ओझे सोडवणे म्हणजे जिवाशी खेळच.

फिउमेचे संग्रहालय मात्र गेले. कापड, लाकूड, रोगण यांची समुद्रापुढे काय मातब्बरी? झिलई म्हणजे अखेर वाळू वितळवून केलेली काच. तिच्यात तांब्याचा हिरवा किंवा मँगनीजचा जांभळट काळा रंग वरून फासलेला नसतो, हजारेक अंशांच्या आचेत तो तिच्याशी एकजीव झालेला असतो. पाण्याला खरवडायला पापुद्राच सापडत नाही.

हाच न्याय जरा सौम्यपणे जहाजाच्या चिनी मातीच्या भांड्यांनाही लागतो. पाणबुड्यांनी वर आणलेल्या बशा-कपांत रिकार्द-जिनोरीची पांढरी, 'इटालिया' या अक्षरांची भांडी आहेत. या कारखान्याचा कलासंचालक म्हणून पोंतीनेच 1923 पासून काही वर्षे काम केले होते. अशा भांड्यांवर खाऱ्या पाण्याचा पहिला घाव बसतो तो काठाच्या सोनेरी रेघेवर, कारण ते सोने झिलईच्या वर, मंद आचेवर चढवलेले असते. पहिल्या वर्गाचा मान सांगणारी रेघ आधी विरते. पांढरा कप मात्र चहा ओतावा इतका धडधाकट.