शिपायाची जबानी व लेखकाची लेखणी

अयोध्या प्रांतांतील सीताराम पांडे या शिपायाचें आत्मवृत्त इतिहासाचें साधन म्हणून वारंवार पुढें केलें जातें. इ. स. १८१२ पासून १८६० पर्यंतची चाकरी, नेपाळ, पेंढारी व शीख यांच्यावरील मोहिमा, अफगाणिस्तानांतील गुलामगिरी, आणि सत्तावन सालीं गोळ्या घालण्यासाठीं उभ्या केलेल्या कैद्यांत स्वतःचाच मुलगा दृष्टीस पडणें, इतकें सर्व त्यांत आलें आहे. वाचकाचें मन हेलावतें. परंतु मन हेलावणें हें प्रमाण नव्हे.

हें वृत्त कर्नल नॉर्गेट यांच्या इंग्रजी भाषांतराच्या रूपानें इ. स. १८७३ त लाहोर येथें छापलें गेलें. मूळ हस्तलिखित उपलब्ध नाहीं, आणि म्हणूनच तें कितपत अस्सल याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. नैयायिक शब्दास प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा असला तरच. येथें ज्यानें सोसलें तो शिपाई आप्त खरा. परंतु आपल्या हातीं आलेला शब्द नॉर्गेट यांचा. सरकाराविषयींची निष्ठा व गाऱ्हाणीं या ग्रंथांत दोन्ही आहेत. त्यांत शिपायाचें किती व साहेबाचें किती, हें ठरविण्यास साधन उरलें नाहीं. पुढें कर्नल फिलट यांनीं त्या इंग्रजीवरून उर्दू भाषांतर केलें व तें गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेस लागलें. शिपायाची बोली शिकावयाची, तीही इंग्रजीवरून घडविलेली!

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ शिपायाचा नव्हे, भिक्षुकाचा. परंतु न्याय तोच. चिं. वि. वैद्य यांनीं इ. स. १९०७ त तो फेरफार करून छापला. मूळ मोडी लेख शिल्लक होता, म्हणून दत्तो वामन पोतदार यांस १९६६ त तो मुळाबरहुकूम प्रसिद्ध करतां आला. मूळ राहिलें तर संपादकाची चूक दुरुस्त होते. मूळ गेलें तर तीच इतिहास होऊन बसते.

यंत्र आलें म्हणजे सर्व साधलें, असेंही नाहीं. पहिल्या महायुद्धांत बर्लिनजवळील व्युन्सडोर्फच्या छावणींत जर्मन विद्वानांनीं हिंदी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर उतरविले. आवाज अस्सल, पण बोलणारा कैदी, आणि पुष्कळदां मजकूर आधीं लिहून ठरविलेला. कोणी, कोठें व कोणत्या हेतूनें विचारलें, हेंही साधनाचेंच अंग होय.

दुसऱ्याचा दोष दाखवितांना स्वतःचा झांकणें योग्य नव्हे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, इटलींत लढून आलेल्या आमच्या गांवच्या एका वृद्ध हवालदारांची हकीकत मीं वहींत उतरून घेतली. ‘नदीच्या पल्याड जर्मन, अल्याड आमी, मधी निस्तं पानी,’ असें ते म्हणाले. मीं लिहिलें, ‘नदीच्या उभय तीरांवर उभय सैन्यें समोरासमोर ठाकलीं होतीं.’ त्या वेळीं मला ही सुधारणा वाटली. हवालदार गेले. त्यांचें तें एक वाक्य तेवढें माझ्या स्मरणांत आहे. वहींत आहे तें सर्व माझें. ते कोठें अडखळले, कोठें गप्प बसले, याची तींत खूणही नाहीं.

तेव्हां सीताराम टाकाऊ काय? नाहीं. मोहिमांचे तपशील सरकारी कागदांशीं ताडून घ्यावे. मनोगत मात्र नॉर्गेट यांच्या हवाल्यानेंच उद्धृत करावें. पुढील कामास नियम इतकाच कीं, आवाज जसाच्या तसा राखावा, प्रश्नही नोंदवावे, बोली बदलूं नये आणि आपली दुरुस्ती समासांत लिहावी. बासष्ट, पासष्ट व एकाहत्तर सालचे कित्येक सैनिक अद्याप आपापल्या ओट्यावर बसलेले आहेत. त्यांच्याकडे जातांना लेखणीपेक्षां कान अधिक तयार असावा.