हिमनदीची सफर आणि तिचे निवेदक

अलास्काच्या आग्नेय भागात ग्लेशियर बे नावाची समुद्राची एक लांबलचक खाडी आहे. उन्हाळ्यात तिच्या मुखाजवळच्या बार्टलेट कोव्हहून सकाळी एक बोट सुटते आणि जाऊन-येऊन दोनशेहून अधिक किलोमीटरचा फेरा करून दुपारी उशिरा परतते. बोटीवर राष्ट्रीय उद्यानाचा रेंजर ध्वनिक्षेपकावरून माहिती देत असतो. वाटेत काही जण तंबू आणि पाठपिशव्या घेऊन किनाऱ्यावर उतरतात, बाकीचे परत येऊन बार्टलेट कोव्हच्या रानवाटा तुडवतात. हिमनद्या दाखवणाऱ्या सफरी आता जगभर निघतात आणि त्यांचा साचा साधारण असाच असतो. या सफरीला निवेदक आहे, कथानक आहे, उत्कर्षबिंदू आहे आणि हक्काचे श्रोते आहेत. तेव्हा एखाद्या साहित्यकृतीला विचारावेत ते प्रश्न तिलाही विचारायला हवेत, असे मला वाटते. इथे कोण बोलते? कोणाविषयी बोलते? आणि कोणाला उद्देशून?

आधी कथानक पाहू. बोट मुखाकडून उत्तरेला, खाडीच्या टोकाकडे जाते. १७९४ साली व्हॅनकुव्हरच्या मोहिमेतली माणसे इथे आली तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, मुखाच्या थोडे आत बर्फाची भिंत उभी होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत ती भिंत सुमारे शंभर किलोमीटर मागे हटली. म्हणजे ढोबळ हिशेबाने बोट दर किलोमीटरला वर्षभराहून थोडे अधिक अंतर कापते. मुखाजवळ स्प्रूस-हेमलॉकचे दाट जंगल दिसते. पुढे ऑल्डरची झुडपे लागतात, मग खडकाला चिकटून वाढणारी ड्रायसची चटई आणि शेवटी उघडा दगड. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली इथे छोटे चौकोन आखून उघड्या जमिनीवर आधी काय उगवते, नंतर काय, याची नोंद सुरू केली. १९२५ साली या प्रदेशाला संरक्षण मिळाले, त्यातही त्याचा मोठा वाटा होता. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे इथली जमीन आजही दर वर्षी दोन सेंटिमीटरांहून जास्त वर येते आहे. ही सगळी हिमनदीचीच गोष्ट आहे, फक्त तिच्यात हिमनदी दिसत नाही. म्हणून सफरीच्या निवेदनात तिला प्रस्तावनेची जागा मिळते. प्रवासी कॅमेरे सरसावतात ते मार्जरी हिमनदी आल्यावर.

मार्जरी सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे. तिचे तोंड दीडेक किलोमीटर रुंद आणि पाण्याच्या वर पंचाहत्तर मीटर उंच. बोट तिच्यासमोर थांबते, रेंजर बोलायचा थांबतो आणि सगळे वाट पाहू लागतात. कडा सुटतो, पाण्यात कोसळतो. बोट अर्धा किलोमीटर दूर असेल तर आवाज दीडेक सेकंदाने येतो. आधी दृश्य, मग गडगडाट, मग टाळ्या. या घटनेला इंग्रजीत काल्व्हिंग म्हणतात, हे ऐकताना मला नेहमी गंमत वाटते. शब्द गोठ्यातला आहे. गाय विते तशी हिमनदी विते आणि हिमनग हे तिचे वासरू. मराठी बातमीत मात्र कडा ‘कोसळतो’ किंवा ‘तुटतो’. एकाच घटनेला एक भाषा बाळंतपण म्हणते, दुसरी पडझड. बोटीवरच्या टाळ्या यातल्या कशाला असतात, हा प्रश्न निवेदनात येत नाही. समुद्राला मिळणारी निरोगी हिमनदीही विते, त्यामुळे नुसता कडा पडला म्हणून ती संपत चालली असे ठरत नाही. ते कळायला वरून किती बर्फ येतो आणि खालून किती जातो, याचा ताळा पाहावा लागतो. तो अर्ध्या तासात दिसत नाही, आणि सफरीला अर्ध्या तासात दिसेल असेच काही हवे असते.

पोचणे, पाहणे आणि भारावून जाणे, या कथानकाचा इथला पहिला मोठा लेखक म्हणजे जॉन म्यूर. ऑक्टोबर १८७९ मध्ये तो डोंगीतून इथे आला. बरोबर हॉल यंग हा मिशनरी होता आणि तोयाट्टे, कडाचान, जॉन व चार्ली हे चौघे स्थानिक सोबती. व्हॅनकुव्हरच्या नकाशात ही खाडी नव्हती. आत बर्फाने भरलेली मोठी खाडी आहे हे चार्लीला ठाऊक होते, कारण लहानपणी तो इथे सीलच्या शिकारीला आला होता. प्रत्यक्ष पोचल्यावर त्यालाही जागा ओळखू येईना, इतकी ती बदलली होती. तेव्हा हूना शिकाऱ्यांच्या तळावरून आणखी एक वाटाड्या घेतला गेला. म्हणजे डोंगीतून फिरवून आणि पायी चढवून हिमनद्या दाखवणारी ही सफर तेव्हाच होती आणि ती चालवत होते स्थानिक लोक. म्यूरचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ही माणसे नावानिशी भेटतात, बोलतात, हे त्याचे मोठेपण. पण कथानकात त्यांना नेमून दिलेले काम कोणते, तर घाबरण्याचे. वादळाला, बर्फाला, हिवाळ्याच्या तोंडावर पुढे जाण्याला. त्यांच्या भीतीच्या पार्श्वभूमीवर निवेदकाचा उत्साह अधिक उजळतो. म्यूर पावसात एकटा कडा चढतो, वरून हिमनद्यांचा पट पाहतो आणि ते पाहणे हाच शोध ठरतो. जे आधी येऊन गेले होते, ज्यांनी वाट दाखवली, त्यांच्या वाट्याला जाणकारी आली. शोध त्याच्या नावावर लागला.

ते कथानक फार लवकर तिकिटावर मिळू लागले. १८८३ साली ‘आयडाहो’ हे वाफेचे जहाज प्रवाशांना घेऊन इथे आले. त्यावरच्या एलायझा सिडमोर यांनी दोन वर्षांनी अलास्कावर पुस्तक लिहिले आणि म्यूरचे नाव मिळालेल्या हिमनदीवर चालून येणे ही उन्हाळी सहलीतली गोष्ट झाली. सप्टेंबर १८९९ च्या भूकंपाने त्या हिमनदीचे तोंड मोडले, खाडी हिमनगांनी भरून गेली आणि जहाजांचे येणे थांबले. आज म्यूर हिमनदी समुद्रापर्यंत पोचतही नाही. जिथे प्रवासी उतरून बर्फावर चालत, तिथे आता पाणी आहे. प्रेक्षणीय वस्तू गेली, पण पाहण्याची रीत मागे उरली आणि शेजारच्या हिमनदीसमोर जाऊन उभी राहिली.

अलीकडे या रीतीला दुसरा सूर मिळाला आहे, शोकाचा. उरले आहे तोवर पाहून घ्या, असे तो सांगतो. हा सूर खोटा नाही. अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या रोडावत आहेत आणि त्यामागे माणसाने तापवलेली हवा आहे. तरी निवेदन म्हणून या सुरात एक कच्चा दुवा आहे. मृत्युलेखाला तारीख लागते. अमेरिकेतल्याच मोन्टाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, २०२० पर्यंत इथल्या हिमनद्या नाहीशा होतील, असे फलक लावले होते. ते साल उजाडले, हिमनद्या होत्या आणि फलक बदलावे लागले. संकट खरे होते, वाक्य चुकले होते. ग्लेशियर बेमध्ये तर वाक्य आणखी जपून करावे लागते. इथली मोठी माघार कारखान्यांच्या धुराच्या बऱ्याच आधी सुरू झाली. समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांना पुढे येण्याचा आणि मागे जाण्याचा स्वतःचाही एक फेरा असतो. आसपासच्या हिमनद्या हटत असताना जॉन्स हॉपकिन्स हिमनदी कित्येक वर्षे पुढे सरकत होती. चांगला रेंजर हे सगळे सांगतो, आणि तेव्हा श्रोत्यांची चुळबूळ सुरू होते. त्यांना आनंद हवा असतो किंवा शोक. ‘पण’ आणि ‘तरीही’ घेऊन कोणी बोटीवर चढलेले नसते.

या खाडीची तिसरी गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यात हिमनदी पाहायला कोणी जातच नाही. हिमनदीच माणसांकडे येते. हूना त्लिंगित लोकांची वस्ती या खोऱ्यात होती. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकला आणि त्यांना गाव सोडावे लागले. त्याचे कथन सुझी जेम्स आणि एमी मार्विन या दोन त्लिंगित स्त्रियांनी केले. नोरा मार्क्स डाउएनहाउअर, ज्या स्वतः त्लिंगित कवयित्री होत्या, आणि रिचर्ड डाउएनहाउअर यांनी ती कथने १९८७ साली ‘हा शुका’ या पुस्तकात एका पानावर त्लिंगित, समोरच्या पानावर इंग्रजी अशी छापली. सांगणारी जिथे थांबते तिथे ओळ तोडलेली आहे, त्यामुळे वाचणाऱ्यालाही थांबावे लागते. कथा थोडक्यात अशी. ऋतुप्राप्तीनंतर एकांतात बसवलेली कास्तीन ही मुलगी वाळवलेल्या माशाचा तुकडा दाखवून, कुत्र्याला बोलवावे तशी, हिमनदीला बोलावते. हिमनदी ऐकते आणि निघते. बर्फ घरांवर येऊ लागतो, लोक होड्यांत सामान भरतात. कोणीतरी मागे राहायला हवे असते. एका कथनात कास्तीन मागे राहते, दुसऱ्यात तिच्याऐवजी म्हातारी आजी.

ही भाबडी दंतकथा आणि रेंजर सांगतो ते विज्ञान, अशी वाटणी आपण चटकन करतो. ती मला मान्य नाही. बर्फ वेगाने पुढे आला आणि वस्ती उठली, यावर भूगर्भशास्त्राचे आणि या कथेचे एकमत आहे. फरक आहे तो व्याकरणात. म्यूरच्या वाक्यात हिमनदी कर्म आहे, पाहिली जाणारी. शोकाच्या सुरातही ती कर्मच आहे, गमावली जाणारी. त्लिंगित कथेत ती ‘तू’ आहे. तिला हाक मारता येते, तिचा अपमान होऊ शकतो आणि म्हणून तिच्यासमोर तोंड सांभाळावे लागते. सेंट इलायस पर्वतराजीतल्या अशा कथनांवर ज्युली क्रुइकशँक यांनी २००५ साली एक पुस्तक लिहिले. हिमनद्या ऐकतात का, हा प्रश्नच त्याचे शीर्षक आहे. हिमनद्यांजवळ चरबी तळू नये, तो वास त्यांना खपत नाही, असा दंडक त्यांनी नोंदवला आहे. त्याला हसण्याआधी मनात एक गोष्ट येते. धूर आणि चरबी जाळण्यावरून बर्फ माणसावर रागावतो, हे वाक्य आज कोणत्या अर्थाने चूक आहे?

आपल्या भाषांना हा ‘तू’ परका नाही. हिंदीत हिमनद पुल्लिंगी आहे, बंगालीतला हिमबाह वाहण्याकडे बोट दाखवतो, मराठीतली हिमनदी सरळ नदीच आहे, स्त्रीलिंगी. आपण नदीला माय म्हणून हाक मारतो. त्यामुळे त्लिंगित कथा वाचून आमच्याकडेही असेच आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. गंगामाई म्हणत आपण तिच्यात काय काय सोडले, ते आपण जाणतो. मायेची हाक क्षमा गृहीत धरते. आई कितीही त्रास दिला तरी पोटात घालते, असा तिचा हिशेब असतो. कास्तीनच्या कथेत क्षमेची सोय नाही. शब्द निसटला तर घर जाते आणि किंमत म्हणून घरातलेच एक माणूस मागे ठेवावे लागते. नात्याचे हे रूप आपल्या नदीस्तोत्रांत फारसे सापडत नाही. भाषांतर करणाऱ्याने तो फरक बुजवला, तर कथा आपल्याला ओळखीची वाटेल आणि आपले काहीच बिघडवणार नाही.

आणि ही नुसती रूपकांची गोष्ट नाही. सफरीची बोट साउथ मार्बल बेटाजवळ थांबते. पफिन, सी लायन, कुरव पक्ष्यांचे थवे दिसतात, प्रवासी खूश होतात. याच बेटावर हूना कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कुरवांची अंडी गोळा करायला येत. ज्या घरट्यात एक-दोन अंडी आहेत तिथली घ्यायची, तीन असतील तर हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत होती. कमी अंडी असलेला पक्षी पुन्हा अंडी घालतो, हे त्यांना माहीत होते. १९६० च्या दशकापासून उद्यानाने ही बंदी अमलात आणली, कारण निसर्ग माणसाविना शुद्ध, ही म्यूरच्या परंपरेतली समजूत आता नियम झाली होती. ती परवानगी देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. २०१६ साली बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर हूना लोकांचे कुलगृह उभे राहिले आणि २०१८ साली उद्यान व हूना यांच्यातल्या जखमा सांगणारा, त्या भरून याव्यात म्हणून कोरलेला खांब. आज काही जहाजांवर हूना निवेदकही बोलतात. निवेदक कोण, हा प्रश्न समीक्षेपुरता नव्हता, तो कोणी कोणत्या बेटावर पाय ठेवायचा याचा होता.

ही सफर करू नये, असे मी म्हणणार नाही. बोटही डिझेल जाळतेच, तरी न पाहिलेल्या गोष्टीविषयी माणूस किती काळ तळमळेल, हाही प्रश्न आहे. माझा आक्षेप सफरीच्या रचनेवर आहे. मार्जरीसमोरचा अर्धा तास थोडा कमी करून ऑल्डरच्या झुडपांसमोर, साउथ मार्बलसमोर बोट जास्त वेळ उभी करता येईल. खाडीला त्लिंगित भाषेत दिलेले नावच निवेदनाची पहिली ओळ करता येईल. त्या नावाचा अर्थ आहे, हिमनदीच्या जागी आलेली खाडी. ज्यांनी हे नाव ठेवले ते इथे पाहुणे नव्हते. त्यांची घरे पाण्याखालच्या त्या जागेत होती आणि तिथे त्यांचे एक माणूस मागे राहिले आहे.