शिवी उरली, पक्षी गेला

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या वर्गात 'गिधाड' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगून पाहा. बहुतेक वाक्ये हावऱ्या माणसांबद्दलच येतील. ही सवय आपल्या साहित्यानेही जोपासली आहे. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पैशासाठी म्हाताऱ्या बापावर हात टाकणारी, एकमेकांना ओरबाडणारी भावंडे त्यात आहेत. नाटक म्हणून आम्ही त्याला मोठे मानतो. आमचे भांडण आहे ते शीर्षकाशी.

ही भावंडे जिवंतांवर तुटून पडतात. गिधाड मेलेल्या जनावरावर उतरते. त्याच्या पायांत गरुडासारखी पकड नसते. जठरातील तीव्र आम्लामुळे सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू मरतात. नाटकातले घर नासते; गिधाडे बसलेले शिवार स्वच्छ होते.

रूपकाला विज्ञानाची अट कशाला, असे कोणी विचारील. एरवी आम्हीही ती घातली नसती. पण भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली उघड झाले. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून भर फार सावकाश होते. ज्या मुलांनी गिधाड पाहिलेच नाही, त्यांच्यापाशी पक्ष्याऐवजी केवळ शिवी उरते.

लांब चोचीच्या गिधाडाला घरट्यासाठी उंच कडा लागतो. असे कडे या दोन तालुक्यांत जागोजाग आहेत, गोठेही घरोघर आहेत. गिधाड नसले म्हणजे मेलेले जनावर भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला येते. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. उसातल्या बिबट्याची भीती मुलांना ठाऊक आहे. ही साखळी मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते : नाटकाबद्दल जरूर बोला, पण त्याच तासाला मुलांना घरच्या गोठ्यातील औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून यायला सांगा. डायक्लोफिनॅकबरोबरच किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही २०२३ पासून गुरांसाठी बंदी आहे. शीर्षक आता बदलणार नाही. गोठ्यातली बाटली बदलता येईल.