मापाचा विवेक : आयदक्की लक्कम्मा आणि आपली संतचरित्रे

मराठी वाङ्मयात वैराग्याचा गौरव विपुल आहे. वैराग्याच्या मापाचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. एखाद्या संताने संचित धन टाकून दिले, राजाचा नजराणा परत पाठविला, घरातील धान्य याचकांना वाटले, असे प्रसंग आपले चरित्रकार मोठ्या प्रेमाने सांगतात आणि आपले समीक्षक ते थोरवीची साक्ष म्हणून स्वीकारतात. परंतु जे टाकले ते कोणाच्या वाट्याचे होते, किती ठेवावयाचे हे कोणी ठरविले आणि जे उरले त्यावर घर कोणी चालविले, हे तीन प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते वाङ्मयाबाहेरचे आहेत अशी आपली समजूत असावी. माझे मत निराळे आहे. वैराग्याची कथा खरी वाटणे वा न वाटणे पुष्कळ अंशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

हा विचार मला सुचला तो अनुवादाच्या कामात. बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे राहून मी काही वर्षे कन्नड वचने मराठीत आणण्याचा उद्योग करीत आहे. त्यांत बाराव्या शतकातील आयदक्की लक्कम्मा या शरणीच्या वचनांशी मी जितका अडखळलो तितका दुसऱ्या कोणापाशी अडखळलो नाही. तिची उपलब्ध वचने मोजकी, सुमारे पंचवीस. भाषा रोजच्या घरातली. तरीही मराठीत ती येईना. येत का नाहीत याचा शोध घेता घेता आपल्याच परंपरेतील एक उणीव दिसू लागली.

लक्कम्मेची कथा प्रसिद्ध आहे. ती आणि तिचा पती मारय्या हे आजच्या रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वर या क्षेत्राकडून बसवेश्वरांच्या कल्याणास आले. ‘आय्दु’ म्हणजे वेचून आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक, म्हणजे देहाने करावयाचे आणि पूजेच्या मोलाचे काम. त्या तांदळावर दोघांचे पोट भरे आणि आलेल्या जंगमांचे दासोहही चाले. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बसवेश्वरांनी परीक्षेसाठी अथवा करुणेपोटी अंगणात मुद्दाम अधिक तांदूळ सांडून ठेवले होते, असे कथा सांगते. लक्कम्मेने ते पाहिले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथेच टाकून या, असे पतीला सांगितले. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ‘वचनशास्त्रसार’ १९२३ साली प्रसिद्ध केले, त्यानंतर वचनवाङ्मय नव्या वाचकांपुढे आले. या दांपत्याच्या वचनांचे आधुनिक वाचनही त्याच सुमारास सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता अनुवादकाची अडचण पाहा. लक्कम्मा पतीला विचारते त्याचा आशय असा, की ‘आसे’ ही राजाला असावी, शिवभक्ताला ती कशाला? हा ‘आसे’ शब्द मराठीत कसा आणावा? मूळ संस्कृत ‘आशा’. पण आजच्या मराठीत आशा हा चांगला शब्द आहे. आशेवर मनुष्य जगतो. ती सोडा असे कोणी सांगितले, तर वाचकाला तो निराशेचा उपदेश वाटेल. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी ‘हाव’ लिहिले, दुसऱ्यात ‘लोभ’. दोन्ही चुकले. हाव म्हटले की मारय्या अधाशी ठरतो आणि लोभ म्हटले की पापी. वास्तविक त्याने चोरी केली नव्हती, कोणाचे हिरावून घेतले नव्हते. सांडलेलेच त्याने वेचले होते, फक्त मूठभर जास्त. त्या निरपराध मुठीला लक्कम्मा जे नाव देते त्यात निंदा नाही. उद्याचे आजच आणून ठेवण्याची साधी मानवी ओढ तेवढी आहे. कन्नडच्या त्या एका शब्दात इच्छाही आहे आणि तिचा मोहही. आपल्या संतांच्या मराठीत आशेला तृष्णेची जोड सहज लागत असे, त्या अर्थी हा शब्द आपलाही होता. पुढे त्याची एक बाजू झिजली. शेवटी मी ‘आशा’ हाच शब्द ठेवला आणि वाचकाने क्षणभर अडखळावे हे पत्करले.

दुसरी अडचण याहून मनोरंजक आहे. त्याच प्रसंगाच्या वचनात लक्कम्मा ‘ओम्मन’ आणि ‘इम्मन’ असे दोन शब्द समोरासमोर ठेवते. पहिल्याचा अर्थ एक मन, दुसऱ्याचा दोन मने. मारय्याने एक मन ओलांडून दोन मनांनी हे तांदूळ आणले, असा तिचा आक्षेप. धान्याच्या संदर्भात हे शब्द ऐकताना मराठी कानाला ‘मन’ आणि ‘मण’ यांची जवळीक जाणवल्यावाचून राहत नाही. ती मुळात अभिप्रेत आहे असा माझा आग्रह नाही. पण वचनाचा विचार नेमका तिथेच आहे: माप दुप्पट झाले की मन दुभंगते. संयम म्हणजे इंद्रियांशी झुंज असे आपण समजतो. लक्कम्मेच्या लेखी तो मापाचा विवेक आहे आणि तो रोज संध्याकाळी, चुलीपाशी, डोळ्यांनी करावयाचा आहे. किती तांदूळ लागतात हे तिला ठाऊक आहे, कारण रांधणारी तीच आहे.

तिचा पुढचा प्रश्न तर अधिक धीट आहे. हे तुमचे मन की बसवण्णांचे संशयी चित्त, असे ती विचारते. बसवेश्वर बिज्जळ राजाचे भांडारी, शरणांचे अग्रणी. त्यांच्या औदार्यात संशय दडलेला असू शकतो, हे एक तांदूळ वेचणाऱ्याची पत्नी बोलून दाखविते. दात्याने गरिबाच्या वाटेत जास्त टाकावे, यात दया असेल. पण तुमचे तुम्हांला पुरत नाही, असा निवाडाही त्यात आहे. लक्कम्मेला तो मान्य नाही. आमचे किती, हे आम्ही ठरवू, असे तिचे म्हणणे. येथे साधेपणाला स्वाभिमानाची धार येते, आणि म्हणूनच ही कथा नुसत्या नीतिकथेच्या पलीकडे जाते.

कन्नड परंपरेत ही एकटी नाही. सोळाव्या शतकातील पुरंदरदासांची कथा दक्षिणेत घरोघरी सांगितली जाते. त्यांचे मूळ स्थान आपल्या पुण्याजवळचा पुरंदरगड की शिवमोग्गा जिल्ह्यातील आरगचा परिसर, याविषयी मतभेद आहेत. तो वाद येथे नको. श्रीनिवास नायक या कृपण सावकाराने याचकाला परत लावले, तेव्हा त्याच्या पत्नीने आपली नथ काढून दिली, आणि त्यातून सावकाराचा पुरंदरदास झाला. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. नथ माहेरची होती, म्हणजे तिची स्वतःची. पतीच्या तिजोरीतून तिने काही काढले नाही. पुढे एका पदात पुरंदरदासांनी या परिवर्तनाचे श्रेय पत्नीलाच दिले आहे.

आता आपल्याकडे वळू. महिपतीने ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केले. तुकोबांचे आपल्या मनातील चित्र बव्हंशी महिपतीने रंगविलेले आहे. त्यात खतपत्रांचा जो प्रसंग आहे, तो लक्कम्मेच्या तोडीचा आहे. वडिलोपार्जित सावकारीची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडविली हे सर्वांना ठाऊक असते. ती बुडविण्यापूर्वी त्यांनी वाटणी केली, धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला हिस्सा पाण्यात सोडला, ही गोष्ट मात्र आपण घाईने ओलांडून जातो. माझ्या मते प्रसंगाचे सारे मोल त्या वाटणीत आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात ज्याने पहिली पत्नी आणि मूल गमावले, त्याला ऋणकोंच्या दारी वसुलीस जाणे नकोसे झाले असेल तर नवल नाही. परंतु ती विरक्ती त्याने भावावर लादली नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य आपण करू शकत नाही, हे तुकोबांना कळले होते.

मग हाच चरित्रकार जिजाईपाशी येतो तेव्हा त्याचा हात का आखडतो? उसाची कथा घ्या. मिळालेली मोळी तुकोबांनी वाटेत मुलांना वाटली आणि एक ऊस घरी आणला. जिजाईने तो रागाने त्यांच्या पाठीत मारला, त्याचे तुकडे झाले, आणि तुकोबांनी आपोआप वाटणी झाली म्हणून समाधान मानले. श्रोता हसतो, कथेची योजनाच तशी आहे. पण भावासाठी ज्याने खते मोजून दिली, त्याच्या घरात किती ऊस यावा याविषयी जिजाईचे मत कोणी विचारले होते का? महिपती तिच्या मुखी बोलणी घालतो, मापाचा अधिकार देत नाही. तिचा राग हा तुकोबांच्या शांतीला उठाव देणारा काळा रंग होऊन राहतो. दोष तुकोबांचा की चरित्रकाराचा, हे आज ठरविता येणार नाही. वाङ्मयाचा विचार करता तो चरित्ररचनेचा दोष आहे असे मी म्हणेन, कारण ज्या पात्राला आपल्या बाजूने बोलण्याची संधीच नाही त्याच्याशी झालेल्या संघर्षातून नायकाची थोरवी सिद्ध होत नाही.

ही संधी मराठीत मिळाली, पण फार उशिरा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, वस्तू टिकत नसे. देण्याचा त्यांचा आवेग घरातील उद्याची चिंता करीत नसे. लक्ष्मीबाई हे सांगतात ते तक्रारीच्या सुरात नाही आणि आरतीच्या सुरात तर नाहीच. त्या हसतात, चिडतात, पुन्हा संसार मांडतात. जिजाईने आत्मचरित्र लिहिले असते तर ते कसे झाले असते, याची कल्पना या पुस्तकावरून येते. विशेष हे, की त्यामुळे टिळक लहान होत नाहीत. उलट, त्यांच्या निःसंगतेची किंमत दिसल्यामुळे ती विश्वसनीय होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. संयमाचे हे गोडवे ज्यांच्यापाशी मापच नाही त्यांच्यासाठी काय कामाचे? लक्कम्मेचे आणखी एक वचन आहे. त्याचा भावार्थ असा, की ज्याचे मन शुद्ध नाही त्याला द्रव्याचे दारिद्र्य, शुद्ध चित्ताने कायक करणाऱ्याला मात्र जिकडे तिकडे लक्ष्मीच. हे वाक्य धनिकाच्या तोंडी गेले की विषारी होते. गरीब हा आपल्या मनाच्या मळामुळे गरीब, असा त्याचा अर्थ लावता येतो. ते खरे राहते ते बोलणारी स्वतः वेचलेल्या तांदळावर जगते म्हणून. वचन कोणी उच्चारले हे विसरून त्याचे सुभाषित करू नये, एवढा धडा अनुवादकाने तरी घ्यावा.

आणि ज्या मंगळवेढ्यास बसवेश्वरांचे काही काळ वास्तव्य होते, त्याच मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरातून या प्रश्नाचे दुसरे टोक ऐकू येते. सोयराबाई लक्कम्मेप्रमाणेच आपल्या नाममुद्रेत पतीचे नाव गुंफते. तीही कष्टकरी घराची, तीही कवयित्री. पण त्यांचा मुलगा कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, की उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला, तुला त्याची लाज कशी नाही? त्या घरात परत नेऊन टाकण्याजोगी जास्तीची मूठ नव्हती. जे मिळे ते दुसऱ्याने ठरविलेले, दुसऱ्याने उरविलेले. लक्कम्मेचे तांदूळ आणि कर्ममेळ्याचे उष्टे, दोन्ही थोडेच. परंतु एकीकडे माप आपले आहे, दुसरीकडे परक्याचे. साधेपणा आणि दारिद्र्य यांतील भेद वस्तूंच्या संख्येत शोधू नये. तो या अधिकारात आहे. ज्या समीक्षेला हा भेद दिसत नाही, ती कर्ममेळ्याच्या अभंगालाही समाधानाचा अभंग म्हणून वाचील.

मी राहतो त्या के. आर. पुरमची वस्ती झपाट्याने बदलली. रेल्वे स्थानकाशेजारी तारांवर तोललेला पूल आला, २०२३ साली व्हाइटफील्डकडे मेट्रो धावू लागली, आणि घरोघरी दाराशी येणाऱ्या खोक्यांना गणती उरली नाही. माझ्याही दाराशी ती येतात. संध्याकाळी बाजार उठल्यावर काही बायका खाली पडलेल्या भाजीतून निवडून घेताना दिसतात. लक्कम्मेचे भाषांतर करीत असताना एकदा मला त्या दृश्यात आयदक्कीचे कायक दिसले आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. त्या बायकांनी वेचणे निवडलेले नव्हते. त्यांना लक्कम्मेचे वचन ऐकविण्याचा अधिकार मला नाही. ते मला उद्देशून आहे, कारण जास्तीची मूठ माझ्या घरात आहे.

अनुवादाच्या शेवटच्या खर्ड्यात त्या वचनाला टीप जोडण्याचा मोह झाला होता. ती मी काढून टाकली. तांदूळ तेथेच टाकून या, असे मारय्याला सांगून वचन थांबते. त्याने वाद घातल्याचे कोठे आढळत नाही. रांधणारीने माप सांगितले आणि वेचणाऱ्याने ते मानले. आपल्या संतचरित्रांकडे पुन्हा जाताना, घराघरांतले हे माप कोण सांगत होते आणि कोण ऐकत होते, एवढे जरी आपण तपासले, तरी वैराग्याच्या पुष्कळ कथा आपल्याला नव्याने वाचाव्या लागतील. काहींचे तेज वाढेल आणि काहींचे उतरेल.